आनंदाबाईचा साफ फोटो

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर प्रभाकररावांच्या स्टुडिओत सुरभी कामाला बसली, तेव्हापासून तालुक्यात कुरूप माणूस उरला नाही. निदान फोटोत तरी नाही.

प्रभाकरराव जुन्या वळणाचे फोटोग्राफर. सारी उमर अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात हात घालून गेलेली. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या बुजवण्यात त्यांचा हात धरणारा वर्धा जिल्ह्यात कोणी नव्हता. पण २००२ साली त्यांनी नागपूरहून कॉम्प्युटर अन् स्कॅनर आणला आणि माउस हातात धरल्याबरोबर त्यांना घाम फुटला. बाण एकीकडे, त्यांची नजर दुसरीकडे. शेवटी त्यांनी डीटीपीचा कोर्स केलेली एक मुलगी शोधली. तीच ही सुरभी, बाजार समितीत मापारी असलेल्या रूपरावांची एकुलती एक.

सुरभी त्या खुर्चीवर जी बसली, ती तिथलीच झाली. फोटो इतका मोठा करायची की पडद्यावर नुसता गाल उरायचा. मग चेहऱ्यावरचा चांगला भाग उचलायचा आणि वाईट भागावर ठेवायचा, कडा मऊ करायच्या, म्हणजे सांधा दिसत नाही. मुरूम गेले, देवीचे व्रण गेले, नवरीच्या ओठावरची लव गेली, नवरदेवाचे पुढे आलेले दात सुद्धा थोडे आत गेले. लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, 'वा, काय फोटो निघाला!' आपण तसे नाही हे प्रत्येकाला ठाऊक असायचं, पण स्वतःची स्तुती नको असलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

प्रभाकररावांचा एक नियम होता. कॉम्प्युटरात जागा कमी, म्हणून गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलं की शेवटची साफ केलेली प्रत तेवढी ठेवायची, मूळची पुसून टाकायची. "जुन्याचं काय लोणचं घालतं का पोरी?" असं ते म्हणायचे. निगेटिव्हंही ते दरवर्षी पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकायचे. सुरभीला तो नियम पटलेला होता. मूळ फोटो परत मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

आता तिच्या आईचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच झालं. आनंदाबाई वडनेरच्या. सुरभी दहा वर्षांची असताना त्यांच्या हनुवटीवर एक पांढरा ठिपका आला, मग ओठाच्या कडेला, मग डोळ्याखाली गालावर उतरणारा एक मोठा डाग. कोड. हातांवरही आलं. हा रोग लागत नाही, त्यानं काही बिघडत नाही, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी रूपरावांना दोनदा नीट समजावून सांगितलं होतं. पण डॉक्टर काही मुलगी पाहायला येत नव्हते. जे येत होते ते पोहे खायचे, चहा घ्यायचे, आनंदाबाईंकडे एकदा बघायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. असे तिघे आले आणि तिघांनीही कळवलं नाही. तेव्हापासून आनंदाबाईंना पदराचं टोक ओढून दातात धरायची सवय लागली. अर्धा चेहरा पदरात, अर्धा बाहेर. घरातही तशाच. सुरभीनं बोलता बोलता कधी तो पदर खाली ओढला नाही. आईला तसंच बरं वाटतं, असं ती धरून चालली होती, आणि तिलाही तसंच बरं वाटत होतं.

२००४ साली समाजाच्या मंडळानं वधू-वरांची वेबसाइट काढायची ठरवली आणि काम प्रभाकररावांकडे, म्हणजे सुरभीकडे आलं. तिनं मोठ्या हौसेनं केलं. भोवती रांगोळीची किनार, कोपऱ्यात ज्योत हलणारी समई, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. प्रत्येक नावापुढे मुलीचा एक फोटो आणि घरच्यांचा एक, अशी मंडळाची अट होती. सव्वीस वर्षांच्या सुरभीचं नाव त्यात न टाकायला काहीच कारण नव्हतं. एका रविवारी आई, बाबा अन् ती, तिघंही स्टुडिओत आले. प्रभाकररावांनी फोटो काढला आणि सुरभी त्याच खुर्चीवर बसून तो साफ करायला लागली.

आधी मागच्या भिंतीवरची वायर काढली. मग बाबांची दोन दिवसांची दाढी. मग ती आईपाशी आली. पदर असूनही हनुवटी दिसत होती, डोळ्याखालचा डाग निम्माअधिक दिसत होता. तिनं चांगल्या गालाची कातडी उचलली आणि डागावर ठेवली. वीस मिनिटं लागली. सवयीनं केलं असं ती पुढे स्वतःला सांगायची. खोटं होतं ते. वायर पुसताना तिचा हात थांबला नव्हता, आईपाशी थांबला होता, आणि थांबून मग चालला होता. तिनं फोटो साइटवर टाकला, एक प्रत छापली आणि नियमाप्रमाणे मूळची पुसली.

संध्याकाळी आनंदाबाईंनी हात पुसून प्रत हातात घेतली. बराच वेळ पाहत राहिल्या.

"माही माय दिसून राह्यली याच्यात," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

रूपरावांना हसू आलं नाही. "काऊन केलं तू हे?"

"बाबा, मी सगळ्याईचंच करतो. तुमचीबी दाढी काढली नाई का?"

"दाढी उद्या पुन्हा येते," रूपराव म्हणाले आणि फोटो न घेताच उठून गेले.

पंधरा दिवसांत पुलगावहून फोन आला. मुलगा आदेश, डेपोत क्लार्क, सरकारी नोकरी. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत त्यानं सुरभीचा फोटो पाहिला होता, आणि त्याच्या आईनं, शोभाबाईंनी, घरच्यांचा. 'माणसं पाह्यली, खानदानी वाटली,' असं त्या फोनवर म्हणाल्या. येत्या गुरुवारी येतो म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर घरात आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेजारीच राहणारी सुरभीची काकू, विमलाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता वहिनी कशी निघन बाहेर? फोटोतली अन् घरातली, दोन बाया झाल्या ना!"

खरं बोलायची वेळ ती होती. फोटो मी साफ केला, आईला कोड आहे, यायचं तर या, इतकं एका फोनमध्ये सांगता आलं असतं. रूपराव सुरभीकडे पाहत होते, तिनं बोलावं म्हणून. सुरभी जमिनीकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांपुढे ते तिघे होते, न कळवणारे. चौथाही तसाच जाणार, आणि मग पाचवा येणारच नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून ती उभी राहिली, आणि तेवढ्यात आनंदाबाईच बोलल्या.

"मी वडनेरले जातो चार दिवस, भावाकडं. सांगजा, माहेरी कोणी बिमार हाय म्हणून. विमल आवरन इथलं."

"आई..." सुरभी म्हणाली.

आनंदाबाई थांबल्या. पदर दातात होता, पण डोळे उघडे होते. पुढचा शब्द यायची त्यांनी नीट वाट पाहिली. तो आला नाही. मग त्या पिशवी भरायला आत गेल्या.

पाहणी झाली, सुपारी फुटली. एकदा खोटं बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. पाहणीला आई माहेरी होती, सुपारीला तिला ताप होता. लग्नात काय करायचं? विमलाबाईनंच तोड काढली. ब्लडप्रेशर आहे, गर्दीत उभं राहवत नाही असं सांगायचं, कन्यादान काका-काकूंनी करायचं, आणि आनंदाबाईंनी कोठी सांभाळायची.

लग्नघरात कोठी म्हणजे सामानाची खोली. साखर, तूप, सुपाऱ्या, आहेराची लुगडी, सगळं तिथं. किल्ली घरच्याच विश्वासाच्या बाईकडे असते आणि ती बाई दिवसभर तिथून हलत नाही. लग्न लागताना सुद्धा नाही. हा मान सहसा एखाद्या आत्याला नाहीतर मावशीला मिळतो. पोरीच्या आईला कोठीत बसवल्याचं आर्वीत कोणी ऐकलं नव्हतं.

मंगलाष्टकं झाली तेव्हा आनंदाबाई साखरेच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. शेवटच्या 'सावधान'नंतर बँड वाजला, तेव्हा त्यांनी मुठीतल्या अक्षता खिडकीच्या गजांतून बाहेर टाकल्या. त्या मागच्या गल्लीत पडल्या. हे सुरभीला कोणी सांगितलं नाही. ती पाठवणीआधी पाया पडायला कोठीत गेली, तेव्हा गजांमध्ये अडकलेले पिवळे तांदूळ तिला दिसले.

आनंदाबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि रडण्याऐवजी त्यांना हसू आलं.

"तुही सासू आलती इथं. 'ओ बाई, चहाले साखर द्या जी थोडी,' म्हणे. म्या देल्ली वाटीभर. भली बाई हाय. मले 'तुम्ही जेवल्या का' म्हणून पुसलं. आपल्या लग्नात कामाच्या बाईले कोण पुसते?"

सुरभीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाहेर गाडी उभी होती, आदेश वाट पाहत होता, आणि ती गेली.

पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा तिचा अल्बम करायचा राहिला होता. प्रभाकरराव म्हणाले, "आपला अल्बम आपल्याच हातानं कर, असा मान कोणत्या नवरीले भेटते?" सुरभी तीन दिवस त्या खुर्चीवर बसली. कन्यादानाच्या फोटोपाशी आली आणि तिच्या मनानं घेतलं की आईला तिच्या जागी परत बसवायचं. विमलाबाईचं डोकं काढलं, साइटवरच्या फोटोतलं आईचं डोकं तिथं ठेवलं, मान जुळवली, उजेड जुळवला, होमाचा तांबूस रंग गालावर आणला. त्या हातकसबाला तोड नव्हती. प्रभाकररावांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि त्यांनाही सांधा सापडला नाही. सुरभीला वाटलं, झालं, फिटलं.

तिनं अल्बम घरी नेला आणि ते पान उघडून आईच्या मांडीवर ठेवलं.

आनंदाबाई पाहत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हात विमलचे हायेत."



"चांगली दिसून राह्यली," आनंदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पुढच्या कार्यक्रमाले हिलेच बोलावजो." त्यांनी अल्बम मिटला आणि भाकरी टाकायला गेल्या.

आणि शब्दाला जागल्या. दिवाळीला सासरची माणसं आर्वीला येणार म्हणून विमलाबाईनं 'जुने फोटो तेवढे बाजूला ठेवजा' असं सुचवलं, तर आनंदाबाईंनी लोखंडी पेटीतले एकूण एक फोटो काढले, ज्यांत त्या स्वतः होत्या ते वेगळे केले, आणि सकाळी न्हाणीतल्या चुलीत घातले. रूपराव धावत आले तोवर पाणी तापलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत त्या पुलगावला एकदाही गेल्या नाहीत. नातीच्या बारशाला शोभाबाईंनी जीप पाठवतो म्हटलं, तरी नाही. हातानं शिवलेली दोन झबली रूपरावांबरोबर गेली. 'तुमच्या आईचं दर्शन काही आमच्या नशिबात नाई,' असं शोभाबाई म्हणायच्या, आणि सुरभी ब्लडप्रेशर म्हणायची. आदेशनं दोनदा खोदून विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी सुरभी ठरवायची, पुढच्या खेपेला सांगू. खोट्याचं वय वाढलं की खरं सांगायला जास्त धीर लागतो, आणि धीर तर तिच्याकडे पहिल्या दिवशीही नव्हता.

२००७ च्या भाद्रपदात आनंदाबाईंना कावीळ झाली आणि ती अंगात भिनली. आठव्या दिवशी त्या गेल्या. सुरभी पोचली तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. पाठोपाठ शोभाबाई आणि आदेश आले. मेलेल्या माणसाच्या तोंडावर पदर ओढायला कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी रूपरावांनी ओढू दिला नसता. ते उशाशी बसून होते.

शोभाबाई वाकल्या, पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"अवं, हे तर कोठीतली बाई! यायनंच मले साखर देल्ली होती!" मग त्यांनी एकदा सुरभीकडे पाहिलं, एकदा प्रेताकडे, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या मटकन खालीच बसल्या. "एवढंच होतं का पोरी? एवढ्यासाठी? माह्या सख्ख्या बहिणीले हाय कोड. आम्ही काय नाई म्हटलं असतं का?"

आता त्या तेव्हा खरंच काय म्हटल्या असत्या, ते देव जाणे. मयतीच्या अंगणात सगळेच मोठ्या मनाचे होतात. पण सुरभीच्या वाट्याला हे वाक्य आलं ते आलंच, आणि आता ते तिला जन्मभर पुरणार होतं.  आदेशनं सासूच्या पायाला हात लावला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

तेरवीला फोटो हवा होता. घरात एकच होता, साइटवरचा, साफ केलेला. सुरभीनं तो मोठा करून फ्रेम करून आणला. रूपरावांनी फ्रेम हातात घेतली आणि पालथी करून पाटावर ठेवली.

"हे बाई मले नको. मले माही पाह्यजे."

सुरभी स्टुडिओत गेली. प्रभाकररावांनी न विचारता नव्या पोराला उठवून खुर्ची रिकामी करून दिली. मूळ फोटो नाही, निगेटिव्ह नाही, घरचे तर चुलीत गेलेले. पण डाग पुसता येतो तर लावताही येईल, हात तर तोच आहे, असं म्हणून तिनं आईचा चेहरा पडदाभर मोठा केला आणि पांढरा रंग उचलला.

हनुवटीवर लावला. ओठाच्या कडेला लावला. मग डोळ्याखालचा मोठा, गालावर उतरणारा. तिथं माउस थांबला. कोणत्या डोळ्याखाली?

तिनं डोळे मिटले. आई भाकरी थापताना आठवली, पदर होता. आई वेणी घालताना आठवली, ती मागे होती. कोठीत साखरेच्या पोत्यापाशी आठवली, तेव्हा सुरभीनं मान खाली घातली होती. शेवटची अंगणात आठवली, तेव्हा सुरभीची नजर शोभाबाईंच्या तोंडाकडे होती. अख्ख्या तालुक्याच्या चेहऱ्यांवरचा तीळ न् तीळ तिनं पाहिला होता. तिनं दोन तास लावले. उजव्या डोळ्याखाली डाग काढला, कडा वेड्यावाकड्या केल्या, आणि छापून घरी नेला.

रूपरावांनी बिचाऱ्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "तुले नाई जमणार. राहू दे."

"काय चुकलं ते सांगा ना बाबा, मी बदलतो. पाच मिन्टाचं काम हाय."

रूपरावांनी सांगितलं नाही. ते आत गेले, कपाटातली रेशन कार्डाची पिशवी काढली, आणि तिच्यातून एक प्लास्टिकचं कार्ड काढून आणलं. मतदानाचं ओळखपत्र. पंचाण्णव-शहाण्णव साली शाळेच्या व्हरांड्यात रांगा लावून काढलेलं. 'पदर मागं घ्या बाई,' असं म्हणून तिथल्या माणसानं आनंदाबाईंना सरळ समोर बघायला लावलं होतं, आणि त्या सरकारी हुकमाला भिऊन त्यांनी पदर सोडला होता. फोटो अंगठ्याएवढा, धुरकट. तो कोणी साफ केलेला नव्हता.

रूपरावांनी पाटावर तांदळाची लहान रास केली आणि कार्ड तिला टेकवून उभं ठेवलं.

"आणा बाबा," सुरभी हात पुढे करून म्हणाली. "स्कॅन करून मोठा करून देतो. थोडा धूर तेवढा काढतो वरचा, बाकी काही नाई करत."

"हात लावू नको!" रूपराव ओरडले. उभ्या जन्मात ते तिच्यावर ओरडले नव्हते. तेरवीला आलेली माणसं वळून पाहू लागली. मग त्यांचा आवाज बसला. "तुहा हात लागला का ते पुन्हा जाईन."

फ्रेमच्या मापानं आणलेला हार कार्डाला घालता येईना. विमलाबाईनं त्यातलं एक झेंडूचं फूल तोडून पुढे ठेवलं. माणसं एकेक येत, गुडघे टेकून, अगदी जवळ तोंड नेऊन पाहत आणि नमस्कार करून उठत. शोभाबाईंनी केला, आदेशनं केला. शेवटी सुरभी गेली. तीही गुडघ्यांवर बसली आणि वाकून पाहू लागली.

डाग डाव्या डोळ्याखाली होता.